दम वाढवायचा तर पोरांना आधी सावकाश पळू द्या

महोदय,

सुगी आटोपून भात घरात आलं की आमच्या बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात पहाटेची वर्दळ सुरू होते. उचगाव, बेकिनकेरे, तुरमुरी, बाची, सुळगा, कुठल्याही गावच्या वाटेवर अंधारात पोरं पळताना दिसतात. कुणाला अग्निवीर व्हायचंय, कुणाला कर्नाटक पोलिसात जायचंय. अलीकडे मुलीही पळू लागल्यात. आयुष्यभर हायस्कुलात खेळ शिकवलेल्या माझ्यासारख्या बाईला याचा फार आनंद होतो. पण महिनाभरात यातली बरीच पोरं दिसेनाशी होतात. विचारलं की उत्तर ठरलेलं: "बाई, दम पुरंना." नाहीतर "नडगी लई दुखालीय." मग घरचे म्हणतात, याच्या अंगातच नाही, राहू दे ते भरतीचं.

हे ऐकलं की मला राहवत नाही, म्हणून हे पत्र. अंगात खोट नसते. पहिल्याच दिवशी त्यांना छाती फुटेस्तोवर पळवलं जातं, खोट तिथं असते.

सैन्यभरतीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढलं की मुलांना धावण्याचे पूर्ण गुण मिळतात. चारशे मीटरच्या मैदानाच्या चार फेऱ्या, एकेक फेरी साधारण ८२ सेकंदांत. हा आकडा सगळ्यांच्या डोक्यात इतका बसलाय की कधी न पळालेल्या पोरालाही काका-दादा पहिल्या दिवशीच मोबाइलवर वेळ लावून पळवतात. दुसऱ्या फेरीला पोरगं तोंड उघडं टाकून कठड्यावर बसतं. साडेपाच मिनिटं ही परीक्षा आहे, सराव नव्हे. परीक्षेचा पेपर रोज सोडवून कुणाचा अभ्यास होत नाही.

दम वाढतो तो सावकाश आणि जास्त वेळ पळण्यानं. तसं पळत राहिलं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, पायाच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, आणि स्नायूंच्या पेशींत प्राणवायू वापरून ताकद तयार करणारी जी केंद्रं असतात तीही वाढतात. यातला फरक काही आठवड्यांत जाणवतो. हाडं आणि स्नायुबंध मात्र मागं राहतात, त्यांना काही महिने लागतात. म्हणूनच पोराला जरा दम आला की ते वेग वाढवतं आणि नेमकी तेव्हाच नडगी धरते. नडगीच्या एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, चालतानाही दुखत असेल, तर तेल चोळून पळू नका. हाडाला बारीक चीर असू शकते. पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी एवढंच सांगते: एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं अर्धा तास. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. पुढच्या आठवड्यांत पळणं थोडं वाढवायचं, चालणं कमी करायचं. दोन-अडीच महिन्यांत बहुतेकींना न थांबता अर्धा तास पळता येतं. वेग किती? पळता पळता सतराचा पाढा मोठ्यानं म्हणता आला पाहिजे. मधेच श्वास तुटला तर वेग जास्त आहे. हा पाया झाल्यावर मग आठवड्यातून एक दिवस जोराच्या फेऱ्या, मधे चालून विसावा. घड्याळ तेव्हा काढा, त्याआधी नको.

पण सावकाश पळणं आपल्याकडे सर्वांत अवघड आहे, आणि त्याला कारण आपण आहोत. पोरगी हळू पळताना दिसली की पारावरची मंडळी हसतात. "अगं, चाललीस का पळालीस?" चालायला लागली की विचारतात, "दमलीस का इतक्यात?" मग ती बिचारी लोकांची नजर चुकवायला जोरात पळते, चार दिवसांत दमते आणि घरी बसते. मुलांचंही तेच, फक्त ती कबूल करत नाहीत. गावच्या वडीलधाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, पळणाऱ्याला टोकू नका. काही बोलायचंच असेल तर "सावकाश पळ की गं" म्हणा.

मुलींबद्दल आणखी एक. सराव नीट करूनही एखादीला सारखी धाप लागत असेल, चक्कर येत असेल, तर रक्त तपासा. फुफ्फुसातला प्राणवायू स्नायूंपर्यंत नेतं ते हिमोग्लोबिन. तेच कमी असेल तर नुसत्या सरावानं दम कुठून वाढणार? आपल्या भागात नाचणा, गूळ, शेंगदाणे, पालेभाजी घरोघरी आहे, पण पोरींच्या ताटात ते पुरेसं पडतंय का हे आयांनी बघावं. आणि उपवासाच्या दिवशी जोराचा सराव नको.

बेळगावच्या माणसाला लांब पळणं नवं नाही. फडेप्पा दारेप्पा चौगुले हे आपल्या बेळगावचे. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचे मोजकेच खेळाडू गेले, त्यांत ते मॅरेथॉन पळाले. तिथला मार्ग पावणेत्रेचाळीस किलोमीटरचा होता. दोन तास पन्नास मिनिटांत तो पुरा करून ते एकोणिसावे आले. शंभर वर्षं उलटून गेली, तरी आमच्या कितीतरी शाळांतल्या पोरांना हे नाव ठाऊक नाही. ते सांगितलं पाहिजे.

शेवटी एक मागणी. वेंगुर्ला रोडवर या दिवसांत उसाचे ट्रॅक्टर पहाटेपासून धावतात, कित्येक ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. पोरं त्याच डांबरी कडेनं पळतात, कारण शाळेच्या मैदानाचं फाटक बंद असतं. भात कापलेल्या शेतात पळावं तर धसकटं आणि भेगा, पाय मुरगळतो. ग्रामपंचायती आणि शाळा सुधारणा समित्यांनी भरतीच्या हंगामापुरतं तरी पहाटे पाच ते सात मैदान उघडं ठेवावं आणि तिथं एक दिवा लावावा. किल्ली सांभाळायला गावातले निवृत्त जवान आणि शिक्षक आनंदानं पुढं येतील. उचगावात ती जबाबदारी घ्यायला मी तयार आहे.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
उचगाव, ता. बेळगाव