चर्चला येणार नाही म्हणालीस त्याबद्दल

प्रिय सोनू,

सलाम. परवा फोनवर तू म्हणालीस की प्रार्थना होत नाही, चर्चला यायचं नाही, मंडळीतल्या कुणाचं तोंड बघायचं नाही, आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवलास. पप्पा म्हणाले आता फोन नको करूस, लिही, बोलायला लागलीस की तुझा उपदेश सुरू होतो. म्हणून हे टाईप करत बसलीये, चुका झाल्या तर समजून घे.

लग्न मोडलं त्याचं दुःख वेगळं, ते कळतं गं मला. पण तू भरवशाने प्रेअर ग्रुपमधल्या ताईला सांगितलंस, तुझी झोप उडालीये, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, आणि तेच सगळं महिला मंडळाच्या व्हॉट्सॲपवर प्रार्थना विनंती म्हणून फिरलं, खाली सगळ्यांचे हात जोडलेले. मेसेज आला तेव्हा मी मेथी निवडत होते, ती जुडी तशीच राहिली दुपारपर्यंत. आपल्या लोकांची ही जुनी खोड आहे, "बहिणींनो जास्त काही सांगत नाही, फक्त प्रार्थनेत आठवण करा" असं म्हणायचं आणि मग साग्रसंगीत सगळं सांगायचं. तुला राग आलाय तो बरोबरच आहे.

ताईने तुला क्षमा कर, पूर्वीसारखी ये म्हणून सांगितलं म्हणे. क्षमा कर, आज नाही तर जमेल तेव्हा. पण पूर्वीसारखं सगळं तिच्यापुढे उघडं कर असं शास्त्रात कुठं लिहिलंय? बायबलमधलं दुसरं तीमथ्य काढ, चौथा अध्याय. येशूचा प्रेषित पौल रोमला कैदेत, मरण समोर दिसतंय आणि तीमथ्याला पत्रात एकेकाचा हिशोब सांगतोय. सोबती देमास सोडून गेला. आलेक्सांद्र तांबटाने फार वाईट केलं, तू पण त्याच्यापासून जपून रहा, असं चक्क नाव घेऊन लिहितो. पहिल्या सुनावणीला माझ्या बाजूने कुणीच उभं राहिलं नाही म्हणतो आणि लगेच म्हणतो हे त्यांच्या हिशोबी धरलं जाऊ नये. म्हणजे बघ, एका माणसापासून सावध रहा पण म्हणतोय आणि बाकीच्यांना माफ पण करतोय, एकाच पत्रात. आणि त्यातच मार्काला घेऊन ये म्हणतो. हा तोच मार्क जो पंफुल्या प्रांतात पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांना सोडून परत गेला होता, ज्याच्यावरून पौल आणि बर्णबाचं एवढं वाजलं की दोघांनी वाटा वेगळ्या केल्या, बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटावर गेला. पौलाने तेव्हा त्याला सोबत घेतलं नाही म्हणजे नाही. पुढे कितीतरी वर्षांनी तो कामाचा माणूस आहे असं लिहिलं. त्या ताईबद्दल तुला एवढा वेळ लागला तर लागू दे, आम्ही कुणी घाई करणार नाही.

आणि हो, त्याच ओळीत आहे, लूक तेवढा माझ्याजवळ आहे. लूक वैद्य होता. तेव्हा तुला जो कुणी म्हणाला ना की विश्वास असेल तर गोळ्या कशाला, त्याला हे दाखव. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही, सांगून ठेवते.

देवाचं म्हणशील तर तू विचारलंस, त्याला सगळं आधीच माहीत होतं तर थांबवलं का नाही, मला खरंच सांगता येत नाही. देवाची काहीतरी योजना असेल हे वाक्य मला स्वतःला आजीच्या मयतीला इतक्या जणांनी ऐकवलं की कान किटले. तू अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाच. बहुतेक रडक्या स्तोत्रांमध्ये शेवटी तरी स्तुती येते, ह्यात येत नाही, अंधारातच संपतं, आणि तरी ते शास्त्रात ठेवलंय. तसं बोल देवाशी, भांड, गोड बोलायची गरज नाही. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, मग भाऊ, मग 1882 ला नवरा, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पुढच्याच वर्षी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. तिथल्या चर्चच्या लोकांनी हे असंच मान ते तसंच मान सुरू केलं तेव्हा बाईंनी कळवलं की भारतातल्या पुरोहितांचं जू आत्ताच कष्टाने उतरवलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही. येशूला मात्र सोडलं नाही, आयुष्याच्या शेवटापर्यंत बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या केडगावला. चर्चच्या माणसांना नाही म्हणणं म्हणजे देवाला नाही म्हणणं असं त्यांनी धरलं नाही, तू पण धरू नकोस.

तिकडच्या चर्चला नको जाऊस काही दिवस. शनिवारी हिंजवडीहून निघ, रात्री नगरला पोच. रविवारी पप्पांबरोबर शेवटच्या बाकावर बस, ते तसेही आशीर्वाद झाला रे झाला की बाहेर पडतात, कुणी गाठायच्या आत तुम्ही घरी. नाहीच वाटलं तर घरी बस, मटण मी करतेच आहे. मामीचा फोन येईल तुला, उचल, गोड बोल, पण तिला काही सांगू नकोस, जीव लावते पण तिच्या पोटात काही राहत नाही.

तुझी,
मम्मी