रविवारची सायकल राईड : झोन २ मध्येच, जांबोटीपर्यंत

सर्व सदस्यांना नमस्कार,

येत्या रविवारी पहाटे ५:३० वाजता बेळगावच्या धर्मवीर संभाजी चौकात जमायचे आहे. पिरनवाडी, किणये मार्गे जांबोटी आणि त्याच रस्त्याने परत.

ही रेस नाही. चोर्ला घाटाची राईड करायची तर आधी दम वाढवायला हवा, आणि तो सावकाश, लांब चालवूनच वाढतो. म्हणून पूर्ण वेळ हृदयाचे ठोके कमाल ठोक्यांच्या ६० ते ७० टक्क्यांत, म्हणजेच झोन २ मध्ये ठेवा. २२० मधून वय वजा केले की कमाल ठोक्यांचा अंदाज येतो. वय ४० असेल तर कमाल १८०, म्हणजे झोन २ साधारण १०८ ते १२६. हा ढोबळ हिशेब आहे, माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्यामुळे बोलून बघा : पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले तर वेग बरोबर, दोन शब्दांवर धाप लागली तर कमी करा.

- चढावर ठोके भराभर वाढतात. हलका गिअर टाका, कोणी पुढे गेले तरी जाऊ द्या.
- ठोके मोजणारा छातीचा पट्टा असेल तर तोच लावा. खडबडीत रस्त्यावर मनगटी घड्याळ चुकीचे आकडे दाखवू शकते.
- बीपीसाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके मुळातच कमी राहतात. त्यांनी आकडे सोडून बोलण्याचीच कसोटी धरावी आणि डॉक्टरांना विचारूनच यावे.
- हेल्मेट आणि मागचा लाल दिवा नसेल तर राईडला घेतले जाणार नाही.

पाण्याच्या दोन बाटल्या, जादा ट्यूब आणा. येणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर नाव टाकावे.