रात्रीच्या फुटबॉल मॅचला येणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सर्वांना नमस्कार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. त्यामुळे आपल्याकडे प्रीमियर लीगची (इंग्लंडमधल्या क्लबांची स्पर्धा) शनिवारची संध्याकाळी साडेसातची मॅच साडेआठला, आणि चॅम्पियन्स लीगची (युरोपभरच्या क्लबांची स्पर्धा) मध्यरात्रीनंतर साडेबाराची मॅच दीडला सुरू होईल. त्यांची मंगळवारची मॅच आपल्या कॅलेंडरवर बुधवारी पडते, हे कृपया ध्यानात ठेवा. मागच्या खेपेला चौघेजण एक दिवस उशिरा थर्मास घेऊन हजर झाले होते!

प्रीमियर लीग स्टार स्पोर्ट्स सिलेक्ट आणि जिओहॉटस्टारवर, तर चॅम्पियन्स लीग सोनी स्पोर्ट्स आणि सोनी लिव्हवर. म्हणजे एका वर्गणीत दोन्ही भागत नाही. सिलेक्ट चॅनेल मंडळाच्या केबल पॅकमध्ये नाही. ते वेगळं घेण्याबद्दल केबलवाल्याशी बोलणं झालंय. मोबाईलपुरता प्लॅन टीव्हीवर चालत नाही, त्यामुळे ती खटपट नको. पासवर्डही ग्रुपवर टाकू नका.

गंमत बघा, शनिवारी तिथल्या दुपारी तीनच्या मॅच खुद्द इंग्लंडात टीव्हीवर थेट दाखवत नाहीत आणि आपण कोल्हापुरात बसून त्या बघतो.

वर्गणी शुक्रवारपर्यंत खजिनदारांकडे द्यावी. गोल झाला की खुशाल ओरडा, पण खिडक्या लावून.