बाबा, कॉम्प्युटरला कुलूप लावलंय

दादर, गुरुवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, पुण्याहून आल्यावर हातपाय धुवा, चहा घ्या, मग हे वाचा. पत्र मुद्दाम कीबोर्डवर ठेवलंय, कारण मशीन चालू करण्याआधी ते तुमच्या हाती पडायला हवं.

तुम्ही नव्हतात त्या दोन दिवसांत मी तुमच्या कॉम्प्युटरचा बाहेरचा ड्राइव्ह एन्क्रिप्ट केला. म्हणजे त्यातलं सगळं आता कुलुपात आहे, आणि मशीन चालू केलंत की ते सगळ्यात आधी पासवर्ड मागेल. तुम्हाला विचारून करायला हवं होतं, हे मला कळतं. विचारलं असतं तर तुम्ही ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणाला असतात. आणि पुढच्या खेपेला मी येईन तेव्हा आपलं बिऱ्हाड या इमारतीत नसेल. आईला काही बोलू नका. तिला मीच गप्प बसायला सांगितलं होतं.

तुम्ही म्हणाल, माझ्या कॉम्प्युटरात चोरण्यासारखं आहे काय? बाबा, त्यात सोसायटीच्या चोवीसही सभासदांचे कागद आहेत. आधार, पॅन, शेअर सर्टिफिकेट, भाड्याचे पैसे जमा व्हावेत म्हणून दिलेले रद्द केलेले चेक. पुनर्विकासाचं काम सुरू झाल्यापासून लोकांनी डोळे झाकून सगळं सेक्रेटरींच्या हाती सोपवलं, ते तुमच्यावर विश्वास आहे म्हणून. आणि हे सगळं पत्त्यांच्या कॅटएवढ्या एका डबीत, वीतभर वायरीला लोंबकळत, मॉनिटरच्या मागे. समोरच्यांचं सामान हललं तेव्हा टेम्पोतली एक पिशवी मुक्कामी पोचलीच नाही, हे तुम्हीच मला फोनवर सांगितलंत. त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या सामानातली तशी एखादी पिशवी हरवली तर? ड्राइव्ह पाच हजारांचा, तो पुन्हा घेता येईल. पण जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही काय सांगणार होतात?

नवीन मशीन घेऊ, असंही मनात आलं होतं. पण तुमचा त्याच्यावर किती जीव आहे ते मला ठाऊक आहे, आणि तो ॲपलचा आयमॅक २०१३ साली तुमच्या निवृत्तीच्या पैशांतून आलाय, हे मी कशी विसरेन? त्याची आतली हार्ड डिस्क रडतखडत चालायला लागली, तेव्हा ती बदलायला पुढची काच चिकटवलेल्या पट्ट्या कापून उघडावी लागली असती. तुम्ही हो म्हणाला नाहीत, म्हणून तर दोन वर्षांपूर्वी आपण बाहेरून एसएसडी, म्हणजे तो वेगवान छोटा ड्राइव्ह, लावला आणि सिस्टीम त्यावरून सुरू करायला लागलो. आता जी नवी मॅक येतात, त्यांत आतली साठवण पहिल्या दिवसापासून चिपच कुलुपात ठेवते. तुमच्या मशीनमध्ये ती चिप नाही, म्हणून ‘फाइलव्हॉल्ट’ ही मॅकमधलीच कुलुपाची सोय हाताने सुरू करावी लागली. मशीन हळू होईल ही काळजी सोडा. त्या जुन्या प्रोसेसरमध्येही या कुलुपाच्या गणितासाठी वेगळ्या सूचना आहेत. मी तुमची सगळ्यात जड फाइल, त्या करारनाम्याचं स्कॅन, आधी आणि नंतर उघडून पाहिली. मला फरक जाणवला नाही.

बुधवारी रात्री साडेनऊला सुरू केलं. बाहेर धो धो पाऊस, आणि वीज जाईल म्हणून माझा जीव टांगणीला. तशी गेली असती तरी काम अर्धवट राहिलं की मशीन चालू केल्यावर ते पुढे सुरू होतं, तरीही मी उठले नाही. त्याआधी दुसऱ्या ड्राइव्हवर पूर्ण प्रत काढली होती आणि त्यातल्या फाइल्स उघडून पाहिल्या होत्या. आजीच्या जात्यावरच्या ओव्या शेवटपर्यंत ऐकल्या. त्यात मधे तुम्ही खोकता आणि आजी म्हणते, ‘पाणी पी रे.’ ते सुखरूप आहे, बाबा. साडेतीनच्या सुमारास काम पुरं झालं.

त्या आधी एक गंमत झाली. मशीनने चोवीस अक्षरांची एक रिकव्हरी की दिली, चार-चार अक्षरांचे सहा गट. पासवर्ड विसरला तर तीच उपयोगी पडते. मी ती कागदावर उतरवली आणि तपासायला आईला बसवलं. आई, तू चष्मा नाकावर घेऊन एकेक अक्षर वाचत होतीस, प्रत्येक गटानंतर थांबत होतीस, आणि मी मान खाली घालून टिक करत होते. तिसरीत असताना याच ओट्याजवळ बसवून शुद्धलेखन घालायचीस तशी. शेवटी ‘पूर्णविराम’ म्हणालीस आणि मला एकदम इतकं भरून आलं की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले.

आता एक गोष्ट, जिच्यासाठी तुम्ही माझ्यावर रागवाल. आतल्या जुन्या हार्ड डिस्कवर तुमच्या सगळ्या फाइल्सच्या जुन्या प्रती तशाच उघड्या पडल्या होत्या. बाहेरच्या दाराला कुलूप आणि मागची खिडकी सताड, असं ते झालं असतं. दोन ठिकाणी प्रती असल्याची खात्री करून मी ती डिस्क पूर्ण पुसली. म्हणून आता मशीन फक्त बाहेरच्या ड्राइव्हवरूनच सुरू होतं. वायर ढिली झाली तर पडद्यावर प्रश्नचिन्ह असलेलं फोल्डर लुकलुकेल. घाबरू नका, काही गेलेलं नसतं. मागचं बटण दाबून धरून मशीन बंद करा, वायर नीट आत ढकला, पुन्हा चालू करा. तरी तेच दिसलं तर चालू करताना ऑप्शनचं बटण दाबून धरा आणि ड्राइव्हचं चित्र निवडा.

बाकी सगळं जिथल्या तिथे आहे. डेस्कटॉपवर तोच गुहागरचा फोटो, अक्षरं तेवढीच मोठी, मराठी टायपिंग तेच, आईच्या दिवाळीच्या फराळाची फाइल डाव्या कोपऱ्यात. पासवर्ड चालू करताना एकदाच टाकायचा, पुन्हा लॉगिन नाही. तो चार साध्या शब्दांचा ठेवलाय, चिन्हं नाहीत, म्हणजे बोटं थरथरली तरी अडचण नाही. इंग्रजी अक्षरांत टाकायचा, आणि कॅप्स लॉकचा हिरवा दिवा बंद आहे ना ते आधी बघायचं. या पत्रात तो लिहीत नाही, आई तुमच्या कानात सांगेल. मॉनिटरखाली चिकटवलेली पिवळी चिठ्ठी मी काढून टाकली आहे. कृपा करून नवी चिकटवू नका.

आईच्या खात्यालाही उघडायची परवानगी दिली आहे, म्हणजे तिच्या स्वतःच्या पासवर्डनेही ड्राइव्ह उघडतो. दिवाळीत एटीएमसमोर तुम्हाला पिन आठवला नाही, ते आईने मला सांगितलं. तिच्यावर चिडू नका, तिला मनात ठेववलं नाही. मागे लोक उभे असले की कुणाचंही असं होतं. मला एवढंच हवंय की एखाद्या सकाळी आठवलं नाही तर तुम्ही एकटे त्या पडद्यासमोर बसून राहू नये. आईला हाक मारायची, बस.

आता नीट ऐका. रिकव्हरी कीचा कागद बंद पाकिटात कपाटाच्या लॉकरमध्ये आहे, आईच्या मोहनमाळेच्या डबीखाली. दुसरी प्रत मी नेतेय. पासवर्ड आणि ती की, दोन्ही हरवलं तर ड्राइव्ह कंपनीलाही उघडता येत नाही. ते पाकीट आईच्या पर्समधून नव्या घरी जाईल, ड्राइव्हच्या खोक्यात नाही. रात्री मशीन पूर्ण बंद करा. नुसतं झोपवून ठेवलं तर कुलूप उघडंच राहतं. कुणीही, अगदी पोलीस म्हणून फोन केला तरी, पासवर्ड किंवा ती अक्षरं वाचून दाखवायची नाहीत, फोन ठेवून द्यायचा आणि मला लावायचा. बँकेची कामं या मशीनवर आता नको. त्याची सिस्टीम कॅटलिना या जुन्या आवृत्तीच्या पुढे जात नाही आणि २०२२ नंतर तिला सुरक्षेचे अपडेट आलेले नाहीत. त्यावर कुलुपाचा इलाज नाही. प्रतीचा ड्राइव्हही कुलुपात आहे, तो ठाण्याला मावशीकडे ठेवून जातेय.

मुलुंडच्या घरात टेबल खिडकीपाशी लावायला सांगितलंय आणि तुमची वेताची खुर्चीच येणार आहे, नवी नाही. गुडघ्याची गोळी जेवणानंतर, रिकाम्यापोटी नाही.

शनिवारी सकाळी मशीन उघडलंत की मला फोन करा. आणि आई, त्यांच्या मागे उभी राहून अक्षरं सांगू नकोस. त्यांना टाकू दे.

तुमची,
चिमी