नॉर्वेतल्या बर्गनच्या आजींना, रेनकोटाबद्दल

प्रिय आजी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून आजीच म्हणते. तुम्हाला मराठी येत नाही हे ठाऊक आहे, पण मनापासून आभार मानायचे तर मला माझीच भाषा हवी.

ऑक्टोबरातली ती सकाळ तुम्हाला आठवत असेल. ब्रिगेनच्या, त्या जुन्या लाकडी घरांच्या धक्क्यावर माझी छत्री उलटी झाली आणि दोन काड्या निखळून लोंबायला लागल्या. मी वेंगुर्ल्याची, पाऊस मला नवा नाही. आमच्याकडे वर्षाचा पाऊस तुमच्याहून जास्तच भरेल, पण तो चार महिन्यांत उरकतो. तुमच्याकडे २,२०० मिलिमीटरहून जास्त पाऊस बारा महिन्यांवर पसरलेला. आमचा सह्याद्री अरबी समुद्रावरचे ढग अडवतो, तसेच तुमचे सात डोंगर अटलांटिकवरचे. दोन दिवस मी खोलीच्या खिडकीत बसून उघडिपीची वाट बघितली होती. तुम्ही म्हणालात, "अशी वाट बघत बसलीस तर बर्गन न बघताच परत जाशील."

मला तिथेच लाकडी बोळात उभं करून तुम्ही घरी गेलात आणि पंधरा मिनिटांत तुमच्या यजमानांचा पिवळा रेनकोट घेऊन आलात. ते आता नाहीत, हे तुम्ही अगदी साधेपणाने सांगितलंत. बाह्या माझ्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. तुम्ही एकेका बाहीला दोन दोन घड्या घातल्यात, गळ्याचं बटण लावलंत, टोपी पुढे ओढलीत. शाळेला निघताना आई करायची, अगदी तस्सं. त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पावसामुळे तुम्हाला ते कळलं नसेल.

मग तुम्ही मला तो बोळ दाखवलात. माथ्यावर एकमेकांकडे झुकलेली घरं, पायाखाली ओल्या फळ्या, भिजलेल्या लाकडाचा वास. १७०२च्या आगीत सगळं जळालं, तरी लोकांनी पुन्हा लाकडाचंच आणि जुन्या घाटणीचंच बांधलं, हे मला फार आवडलं. जर्मनीकडचे हान्सा व्यापारी इथे उत्तरेकडचा सुका कॉड मासा घ्यायचे आणि धान्य आणायचे. आगीच्या भीतीने राहत्या घरात चूल नाही, दिवा नाही. ऊब हवी तर मागच्या वेगळ्या दालनात जायचं. एवढ्या थंडीत! गोदामाच्या दाराशी तुम्ही विचारलंत, "सुक्या माशांचा वास कसा असतो, माहीत आहे का?" आजी, मी सुक्या बोंबलांच्या वासात वाढले. तुमचा कॉड मीठ न लावता नुसत्या थंड वाऱ्यावर वाळतो, आमचे बोंबील उन्हावर.

संग्रहालयात १९५५च्या आगीनंतरच्या उत्खननात मिळालेल्या लाकडाच्या काड्या होत्या, रूनी, म्हणजे तुमच्याकडच्या जुन्या लिपीतली अक्षरं कोरलेल्या. एकीवर लिहिलंय, "गीदा म्हणते, तू घरी जा." मध्ययुगातल्या कुणा बाईचा निरोप, एवढाच. तुम्ही तो वाचून दाखवलात आणि मग आपण दोघी बराच वेळ काही बोललो नाही. त्या रात्री मी आईला फोन केला.

फ्लोयेन डोंगरावर जाऊन काही उपयोग नाही, असं खालच्या स्टेशनातच वाटत होतं. १९१८ पासून चालणारी ती रेल्वे ३२० मीटर उंचीवर घेऊन जाते, आणि वर गेल्यावर खरंच काही दिसलं नाही. सगळं धुक्यात बुडालेलं. तुम्ही मात्र कठड्याशी उभ्या राहिलात आणि बोटाने दाखवायला लागलात. इथे बंदर. इथे मासळीबाजार. तिथे मारीया चर्च, बाराव्या शतकातलं. पलीकडे उल्रिकेन डोंगर. आणि तिकडे, त्या बाजूला, यजमानांचं बालपणीचं घर. मी तुमच्या बोटामागे बघत राहिले. बर्गनचे स्वच्छ उन्हातले फोटो मी नंतर पाहिले, पण मला शहर आठवतं ते तुमच्या बोटाच्या टोकाशी.

निरोप घेताना तुम्ही रेनकोट परत घेतला नाहीत. "अजून तीन दिवस आहेस ना? जाताना खोलीच्या मालकिणीकडे ठेव, मी घेऊन जाईन," म्हणालात. एका परक्या मुलीच्या अंगावर यजमानांची वस्तू तीन दिवस सोडून जायला किती मोठं मन लागतं! ते तीन दिवस मी एकदाही खिडकीत बसले नाही. रिपरिप असो की झड, सकाळी निघायचे ती रात्रीच परतायचे.

रेनकोट वाळवून, घड्या सोडून मालकिणीकडे दिलाय. उजव्या खिशात एक पुडी आहे, त्यातल्या काळ्या, चिकट पाकळ्या बघून बिचकू नका. ती आमसुलं आहेत, आमच्या अंगणातल्या रातांब्याची, आईने वाळवलेली. चार-पाच कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, कोळून घ्या आणि माशाच्या सूपमध्ये शेवटी घाला. उकळी फार काढू नका.

तुमची,
वेंगुर्ल्याची पाहुणी