पिंपरीच्या मातीतलं औषध : डॉ. तिरुमलाचार यांच्या आठवणी जपण्यासाठी मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो, तो बऱ्याच अंशी स्ट्रेप्टोमायसिस कुळातल्या सूक्ष्मजीवांमुळे. आपल्या पिंपरीच्या मातीतून याच कुळातला एक जीव हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या इथल्या औषध कंपनीतले डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा केला. शास्त्रात त्याचं नाव लागलं ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. गावाचं नाव असं जगाच्या शास्त्रीय वाङ्मयात गेलं, हे कॉलनीतल्या आजच्या किती मुलांना ठाऊक आहे?

त्या जिवापासून १९६१ साली ‘हॅमायसिन’ हे बुरशीवरचं औषध आलं. ‘हॅ’ म्हणजे आपलं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. तोंडातल्या, कानातल्या बुरशीवर ते वापरलं गेलं.

तिरुमलाचार (१९१४–१९९९) मुळात बुरशीशास्त्रज्ञ. ज्वारीच्या कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते ती काणी; अशा काणी रोगांच्या भारतातल्या बुरश्यांवर मुंडकूर यांच्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९५२ सालचा. पिंपरीत माणसांच्या औषधांचं काम करतानाही शेताकडचं लक्ष त्यांनी काढलं नाही. भातावरचा करपा, मोसंबीचा डिंक्या यांवर चालणारं ‘ऑरिओफंगिन’ त्यांच्याच चमूचं.

हे सगळं काम कंपनीच्या जुन्या बुलेटिनांमध्ये छापलेलं आहे. आमच्याकडे आलेल्या अंकांची अवस्था वाईट आहे. कडा तपकिरी पडल्यात, पिना गंजल्यात, आणि ओल लागून काही पानं एकमेकांना अशी चिकटलीत की सुरीच्या पात्यानेही सुटत नाहीत. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत एका घरातून अशा कागदांच्या दोन गोण्या रद्दीत गेल्या. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. फार वाईट वाटलं.

म्हणून आम्ही निवृत्त कामगार आणि त्यांची मुलं मिळून हे कागद स्कॅन करून वाचनालयात एक कायमचं कपाट उभं करत आहोत. स्कॅनर, बांधणी आणि कपाट मिळून अंदाजे ८५,००० रुपये लागतील. शंभर रुपयेही मोलाचे आहेत. प्रत्येक देणगीची पावती मिळेल, हिशेब दर महिन्याला फलकावर लागेल.

पैशांइतकीच गरज वस्तूंची आणि माणसांची आहे. प्रयोगशाळेतले फोटो, हॅमायसिनची रिकामी बाटली, जुनं ओळखपत्र, काहीही चालेल. ज्यांनी डॉ. तिरुमलाचार यांच्या हाताखाली काम केलं, त्यांनी तासभर बसून आठवणी सांगाव्यात. येणं जमत नसेल तर आम्ही घरी येऊ.

वाचनालयात रोज संध्याकाळी ५ ते ८ कुणी ना कुणी असतं. माळा आवरायला काढाल, तेव्हा रद्दीवाल्याच्या आधी आम्हाला हाक मारा.