बेळगावच्या कॅम्पातल्या टीचरना, भजनातल्या पेटीवाल्याकडून

आदरणीय टीचर,
स. न. वि. वि.

नाव घालू नको म्हणालात, म्हणून घालत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानणार.

रेडिओहेड ह्या इंग्लिश रॉक बँडचं 'क्रीप' हे 1992 चं गाणं गॅदरिंगला बसवायचंच, असा आमच्या खानापूरच्या पोरांनी हट्ट धरला आणि कॉर्डचं, म्हणजे एकदम वाजवायच्या तीन-तीन सुरांचं, काम माझ्या गळ्यात पडलं. नावं मोबाईलवर मिळाली. जी, बी, सी, सी मायनर. हीच चार गाणंभर फिरतात. पण जी मेजरच्या सुरांत न बसणारा बी मेजर त्याच्या घरात कशाला आला, हे मोबाईल सांगत नाही.

तुम्ही थिअरीचं पुस्तक काढलं नाहीत. माझी पेटीच पुढ्यात ओढलीत, पांढरी पाचचा (म्हणजे जी चा) सा धरायला लावलात आणि म्हणालात, "बाकीचं सोड की. पंचमावर बोट ठेव, ते कुठं जातंय तेवढंच बघ."

पहिली कॉर्ड सा-ग-प. दुसरी ग-कोमल ध-नी, म्हणजे पंचम अर्धा सूर वर सरकला. तिसरी म-ध-सा, आणखी अर्धा सूर वर. चौथी म-कोमल ध-सा, परत खाली. मग पुन्हा सा-ग-प, बोट मूळ जागी! प, कोमल ध, ध, कोमल ध, प. बी मेजर आलाय तो ह्या चढणीसाठी. पेटीवर कोमल धैवत एकच, पण जाताना तो शुद्ध धैवताकडे ओढतो आणि येताना पंचमावर टेकायला बघतो. सी मेजरचा सी मायनर होताना तिनांतला एकच सूर हलतो, तरी गाण्याचा चेहरा पडतो. (गाणं मला अजून फारसं आवडत नाही, ते सोडा.)

आमच्या बिलावलात सगळे सूर शुद्ध, त्यात असा कोमल धैवत लागला तर गुरुजी पेटी मिटायला लावतील. तुम्ही आमच्या रागदारीला नावं ठेवली नाहीत, की पेटीवादक पं. रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावात पेटीवर कॉर्ड शोधणाऱ्याला हसला नाहीत. हे मी विसरणार नाही.

गिटारवाला कॉर्ड धरेल. पंचमापासून चढून उतरणारी ती ओळ पेटीवर मी वाजवणार आहे. त्या दिवशी फी घेतली नाहीत, पुढच्या खेपेला घ्यावी लागेल. पोरांनी आता दुसरं गाणं काढलंय, त्यात शेवटच्या कडव्याला सा-च बदलतो.

आपला नम्र,
खानापूरचा पेटीवाला